गोळीच्या मशीनवरची पन्नी

नलू,

तुझ्यासाठी किती माणसं आली! पुलगावात तुला सगळे ओळखतात हे मला माहीत होतं. पण ती अशी येतील, दुकानाच्या पायरीशी चपला काढून गुपचूप बसतील आणि उठताना डोळे पुसतील, असं वाटलं नव्हतं. लष्कराच्या डेपोतून रिटायर झालेला एक सुभेदार नाचणगावहून सायकल मारत आला. म्हणाला, "बहनजी ने इस मशीन पर मुझे इतना हराया, इतना हराया, कि मैं जीतने की सोचता भी नहीं था." आणि तिथंच रडायला लागला. मी त्याला पाणी दिलं. देताना माझ्या मनात काय आलं, सांगू? मी गेले तर माझ्या सासरी, रोहण्यात, कोण येईल? यांच्या दुकानाची गिऱ्हाइकं येतील, सोयरे येतील, रीत म्हणून येतील. सायकल मारत कोणी येणार नाही.

म्हणजे बघ, तू जाऊनही माझं हे सुटलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी चांगलंच लिहिणार आहे. फक्त जळत जळत लिहिणार आहे. तुझ्यापासून काय लपवायचं? तुला ते लहानपणापासून दिसत असेल. तू कधी बोलली नाहीस, एवढंच.

ते मशीन आलं तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी आले होते. अमितच्या वेळी. प्राची तीन वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन एसटीतून उतरले, घरी आले, आणि पाहते तर दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीखाली, जिथं माझी खाट असायची तिथं हे धूड उभं. चार पाय, कमरेइतकी उंची, वर काच, काचेखाली उतरती फळी, आणि मागे उभा दिव्यांचा डबा. फळीवर लोखंडी गोळी सोडायची आणि बाजूची बटणं दाबून खालच्या दोन दांड्यांनी ती वर उडवत राहायची, असा खेळ. स्टेशनजवळच्या मैदानात मीनाबाजार लागला होता. तो उठताना मालकाला हे जड मशीन पुढच्या गावी न्यायचं नव्हतं. बाबूजींनी ते घेऊन टाकलं. कोल्ड्रिंक प्यायला येणारी पोरं दोन घडी जास्त थांबतील, असा त्यांचा हिशेब.

"बाबूजी, माही खाट?" मी विचारलं.

"आतमंधी टाकली वं. इथं लाइनीचा बोर्ड हाय ना, मशीनले लागते."

झालं. माझी जागा तिथं संपली. लग्न होऊन मी घरातून गेले तेव्हा नव्हती संपली, कारण तेव्हा खाट तिथंच होती. संपली ती त्या दिवशी.

मग एका दुपारी तुम्ही दोघांनी त्या फळीवर पन्नी चढवली. मीनाबाजारवाल्यानंच सांगितलं होतं म्हणे, की लोखंडी गोळी सतत फिरून फळीवरचं चित्र घासलं जातं, वर पारदर्शक चिकटपन्नी लावली तर रंग टिकतो. मी आतल्या खोलीत नव्या बाळाला घेऊन पडले होते. प्राची माझ्या पायाशी झोपली होती. बाहेरून तुमचे आवाज येत होते. "बाबूजी, वर धरा, वर धरा!" "अवं, हवा राह्यली पाय तिथं, फडक्यानं सरकव." आणि मग तुम्ही दोघं हसायला लागलात. पन्नी बाबूजींच्या हाताला चिकटली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हसणं ऐकू येत होतं. बाबूजी असे हसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

संध्याकाळी उठून पाहायला गेले. पन्नी इतकी स्वच्छ बसली होती की हात लावल्याशिवाय कळेना. खाली चित्र होतं. सर्कशीतली एक पोरगी, लाल झगा घातलेली, पांढऱ्या घोड्यावर उभी, आणि भोवती निळ्यावर पिवळ्या चांदण्या. बाबूजी तुझ्या पाठीवर थाप मारत होते. "माह्या नलूच्या हाताले तोड नाई." माझ्या पाठीवर त्यांनी कधी थाप मारल्याचं मला आठवत नाही. डोक्यावरून हात फिरवला होता, लग्नात, गाडीत बसताना. तो मुलीला निरोप द्यायचा हात होता. थाप वेगळी.

तू वीस वर्षांची होतीस तेव्हा. साऱ्या गावाला वाटायचं, पोरीनं असल्या मशीनला हात लावू नये. तू त्याच्याशी अशी उभी राहायचीस की जणू तुझी उंची बघूनच कोणी ते बनवलंय. दोन्ही तळवे बाजूच्या बटणांवर, डावा पाय जरा मागे. गोळी खाली घसरायला लागली की तू कमरेनं मशीनला एक हलका धक्का द्यायचीस. इतका बरोबर की गोळी दांड्यावर यायची आणि मशीन बंद पडायचं नाही. पोट्टे जोर लावायचे आणि मशीन बंद पाडून घ्यायचे. जवान लोक पैज लावायचे आणि हरायचे. बाबूजी गल्ल्यावर बसून बघायचे. कोणी काही बोललं की म्हणायचे, "हिंमत असन तं खेळ तिच्यासंगं."

हिंगणघाटचं ते स्थळ आठवतं? चहा-पोहे झाले, आणि मुलाच्या काकांनी घसा खाकरून विचारलं, "पोरगी मशीन खेळते म्हणतात?" बाबूजी म्हणाले, "खेळते. तुम्ही खेळता का?" मी त्यासाठी मुद्दाम रोहण्याहून आले होते, नवं लुगडं नेसून, मोठी बहीण म्हणून. मी तर तोंडात पदर घातला. ते लोक गेले ते परत आले नाहीत, आणि तू मागच्या खोलीत जाऊन काचेवरची धूळ पुसत बसलीस. वाईट वाटलं का तुला? मी तेव्हा विचारलं नाही. मी फक्त पाहत राहिले की माझ्या वेळी बाबूजींनी पाव्हण्यांना असा एकही प्रश्न विचारला नव्हता. माझ्या वेळी ते सगळ्याला हो म्हणाले होते.

मशीनचं काही तुटलं की तूच दुरुस्त करायचीस. सायकलच्या व्हॉलट्यूबचे तुकडे कापून रबरी कडी करायचीस, टॉर्चचे दिवे बसवायचीस, गोळी हरवली तर ट्रकच्या बेअरिंगमधली घालायचीस. मी माहेरी आले की बाजूला उभी राहायचे. तू म्हणायचीस, "ताई, खेळ ना." मी म्हणायचे, "मले नाई जमत." तू आणखी एकदा म्हणायचीस. मग सोडून द्यायचीस. मी तिसऱ्यांदा म्हणायची वाट पाहायचे, हे तुला कधी कळलं नाही.

पुढं टीव्हीला लावायचे गेम आले, मग स्टेशन रोडवर सायबर कॅफे आला, आणि पोट्टे तिकडं गेले. मशीनवर चादर पडली. बाबूजी पण अंथरुणाला खिळले. त्यांचं सगळं तू केलंस. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, वर दुकान. मी आठ-पंधरा दिवसांनी यायचे, फळं घेऊन, पाव्हण्यासारखी. यासाठी तुझे पाय धुवून प्यायले तरी कमी, हे मी चारचौघांत म्हणाले आहे आणि आज तुला म्हणते. पण याच दिवसांतलं एक सांगते, जे कोणाला सांगितलं नाही. शेवटी शेवटी बाबूजींना माझं नाव आठवेना. मला ते तुझ्या नावानं हाक मारायचे. "नलू, पानी दे." मी द्यायचे. "नलू, गोळी अटकली का वं?" मी म्हणायचे, "नाई बाबूजी, चालू हाय." तू दुकानात असायचीस. त्यांचा चेहरा इतका शांत व्हायचा की मला वाटायचं, तुझं नाव असणं किती सोपं आहे!

बाबूजी गेले, आणि थोड्याच दिवसांत प्राचीला सावंगीला कॉलेजात प्रवेश मिळाला. फिजिओथेरपीला. मी किती खुश होते! लेक डॉक्टरांच्या दुनियेत जाणार, हॉस्टेलवर राहणार, रविवारी घरी येणार. पण सावंगीहून रोहणा लांब, आणि पुलगाव वाटेत. ती पुलगावला उतरायला लागली. आधी कधीकधी, मग दर रविवारी. फोन करून म्हणायची, "आई, या वेळी मावशीकडंच राहते, अभ्यास आहे." मी म्हणायचे, बरं. फोन ठेवून मी पुरणाची डाळ उचलून परत डब्यात टाकायचे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तू मशीनवरची चादर काढलीस. पन्नी पिवळी पडली होती. कडा सुटून त्यात काळा मळ बसला होता, मधे फुगे आले होते, गोळी त्यावरून उड्या मारायची. तू मला फोन केलास. तुझ्या आवाजात तो जुना हुरूप होता.

"ताई, अजून दोन उन्हाळे गेले ना, तं पन्नी आन रंग एकच होऊन जाईन. मंग काढली तं चित्रच निघून येईन. आताच काढा लागते. डिसेंबरात येजो. थंडीत डिंक कडक राह्यते. तू आन मी काढू."

तू आन मी. हे तीन शब्द मी महिनाभर घेऊन फिरले. तुला हसू येईल, पण मी यांना सांगून ठेवलं होतं की त्या आठवड्यात मी नाही. नखं कापून ठेवली होती, रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून.

मी आले तर काम सुरू झालेलं. काच भिंतीला टेकवून ठेवलेली, रबरी कडी आणि दिवे काढून ताटात मांडलेले, आणि तू आणि प्राची फळीवर डोकं डोक्याला लावून वाकलेल्या. वरची पट्टी निघालीसुद्धा होती. तिथला निळा रंग असा ओला दिसत होता, जसा आत्ताच लावलाय.

"अवं ताई, ये ये! प्राचीले सुट्टी भेटली, म्हटलं हात लावून पाहू."

"बरं केलं," मी म्हणाले, आणि स्टुलावर बसले.

तुम्ही दोघी काय सुरेख काम करत होतात! शेकायच्या रबरी पिशवीत तू दुकानातला बर्फ आणि मीठ भरलं होतंस. ती पिशवी पन्नीवर ठेवायची, बराच वेळ. डिंक गारठून कडक झाला की पन्नीचं टोक उचलायचं, आणि वर न ओढता मागे, फळीला जवळजवळ चिकटून, हळूहळू दुमडत न्यायचं. बारीक करकर आवाज यायचा. कुठं थोडी अडली की तू श्वास रोखायचीस आणि प्राची पण तुझ्याबरोबर रोखायची. खाली डिंकाचा थर राहायचा. त्यावर मैदा भुरभुरायचा, वर औषधी दुकानातलं स्पिरिट शिंपडायचं आणि बोटांनी गोल गोल चोळायचं. डिंकाच्या शेवया वळून बाजूला यायच्या. हात चालायचे आणि तोंडं चालायची. हॉस्टेलचं जेवण, कोणत्या मॅडम कशा, कोण कोणावर मरतं. प्राची माझ्यासमोर इतकं बोलत नाही. मी काही विचारलं की ती सरळ बसून उत्तर देते, परीक्षेत देतात तसं.

स्पिरिट संपलं म्हणून प्राची औषधी दुकानात गेली. तू घोड्याच्या पाठीवर पिशवी दाबून धरली होतीस. सहज म्हणालीस, "पेपर हुकला तवा कशी सुकली होती पोरगी. आता पाय, कशी हासून राह्यली."

"कोनता पेपर?"

तुझा हात थांबला.

"कोनता पेपर, नलू?"

"तुले नाई सांगतलं तिनं?"

मग तू सांगितलंस. उन्हाळ्यात ती एका पेपरला बसलीच नव्हती. कॉलेजच्या गेटपर्यंत गेली, तिथूनच वळली, आणि समोरून आलेल्या बसमध्ये बसून पुलगावला आली. दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. तू तिला जेवू घातलंस, झोपवलंस, आणि मग स्वतः तिच्याबरोबर सावंगीला जाऊन तिच्या मॅडमना भेटलीस. ती पुन्हा बसली, पास झाली. आणि त्या सगळ्या काळात मी रोहण्यात शेजारणींना सांगत होते की आमच्या प्राचीचं मस्त चाललंय.

"माही पोरगी हाय थे, नलू."

"मंग मी कोन हाय तिची?"

"मावशी हाय तू. मले सांगाचं होतं."

"तिनं सांगू नोको म्हटलं, ताई. मी सांगतलं असतं तं माह्याकडेही आली नसती. मंग कुठी गेली असती?"

तुझं ते वाक्य मला आजही आवडत नाही. मी म्हणाले, "बाबूजी तुहे, मशीन तुह्यं, आता पोरगीही तुहीच." तू पिशवी उचललीस, खालून टोक धरलंस आणि पन्नी ओढायला लागलीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ताई, तू येत जा ना वं. नुसती येऊन बसून राह्यतं."

तेवढ्यात प्राची बाटली घेऊन आली. मी संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. तू पायरीपर्यंत आलीस. मी वळून पाहिलं नाही.

नुसती येऊन बसून राह्यतं. हे तू कौतुकानं म्हणालीस की टोचून, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारणार होते. संक्रांतीला येईन तेव्हा विचारीन, असं ठरवलं होतं. संक्रांतीला यांच्या दुकानात माल आला, मी आले नाही. फोनवर आपण तिळाचा भाव बोललो. मग फेब्रुवारीत तुझं पोट दुखायला लागलं, आणि पुढं सगळं दवाखान्याचंच बोलणं झालं. आजारी माणसाशी भांडता येत नाही. आपलं भांडण तिथंच अर्धवट राहिलं, मशीनसारखं, काच काढलेलं आणि खालच्या भागावर पन्नी तशीच.

सावंगीला, कॉलेजच्याच दवाखान्यात, तुझ्याजवळ मी होते, आणि प्राची तर तिथलीच. क्लास सुटला की ती पांढरा कोट घालून यायची. तुझे पाय दाबायची, कूस कशी बदलायची ते मला शिकवायची. मला! एकदा नवीन सिस्टर आली, तिनं तुझं बीपी घेतलं आणि प्राचीकडे बघून तुला विचारलं, "मुलगी का तुमची?"

तू म्हणालीस, "हो."

मी तिथंच होते, नलू. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, मोसंबी सोलत. प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मोसंबीकडे पाहिलं. तू थकलेली होतीस, समजावून सांगायला अंगात बळ नसेल, किंवा ते सिस्टरला सांगायचं काय, असं वाटलं असेल. मी स्वतःला हे सगळं सांगितलं. मग मी ती मोसंबी फोडी करून तुला भरवली. एक एक बी काढून.

त्याच आठवड्यात, प्राची नसताना, मी तुला विचारलं. तुझे डोळे मिटलेले होते, पण तू जागी होतीस.

"नलू, तू माह्यावर कधी जळली का वं?"

"नाई."

"कधीच?"

"कायले जळू, ताई? बर्फ दे थोडा. तोंडात ठेवते."

मी बर्फ दिला. मनात म्हटलं होतं, तू हो म्हणशील. म्हणशील की ताई, तुझा संसार, तुझी लेकरं, तुझं भरलं घर, मला कधी कधी वाटायचं गं. तसं म्हणाली असतीस तर आपली फिटंफाट झाली असती आणि मी रडून मोकळी झाले असते. तू साधं, खरं, नाही म्हणालीस. तुला माझ्यातलं काहीच नको होतं. तुझ्याकडे होतं ते तुला पुरत होतं. यासारखं हेवा करण्यासारखं दुसरं काय असतं, तूच सांग.

तू गेलीस तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. हे मी लिहून ठेवते, कारण प्राची तेव्हा डबा आणायला खाली गेली होती आणि ती अजून त्यासाठी रडते. मी तिला समजावते. पण मनातल्या मनात मी तो क्षण घट्ट धरून ठेवलाय, आणि तो कोणाबरोबर वाटून घ्यायचा नाही मला.

तेरवी झाली. पाव्हणे गेले. यांना दुकान होतं, हे अमितला घेऊन रोहण्याला परतले. मी आणि प्राची मागं राहिलो, घर आवरायला. सकाळी ती मागच्या खोलीत उभी होती. मशीन तू ठेवलं होतंस तसंच होतं. कडी, दिवे ताटात, वर वर्तमानपत्र.

"आई, उरलेली पन्नी काढू या का?"

"मले नाई जमत वं."

"जमते. मी सांगते ना."

आषाढातली दमट हवा, बर्फ पिशवीत भरेपर्यंत त्याचं पाणी होत होतं. राहिला होता तो सगळ्यात कठीण भाग, दांड्यांजवळचा, जिथं गोळी सगळ्यात जास्त फिरते आणि रंग आधीच पातळ झालेला असतो. तू तो मुद्दाम शेवटी ठेवला असशील. मी पिशवी धरली, प्राचीनं टोक उचललं. मग ती म्हणाली, आता तू ओढ. मी ओढायला लागले, आणि ती थेट तुझ्या आवाजात ओरडली, "वर नाई वं आई! मागे, मागे ने!"

मी मागे नेलं. करकर आवाज आला. घोड्याच्या पुढच्या पायाचा खूर पन्नीबरोबर निघून आला. एवढासा पांढरा टवका, पन्नीला चिकटलेला. मी पन्नी तशीच धरून ओरडले. "गेलं! मी म्हटलं होतं ना!"

"काही होत नाही," प्राची म्हणाली. "मावशीच्या हातून घोड्याचा कान गेला, पाहिला नाही का?"

मी पाहिलं. खरंच, घोड्याला एक कान नव्हता. तिथं नुसतं लाकूड दिसत होतं. नलू, देव मला माफ करो, मला इतकं बरं वाटलं! तुझ्या हातून गेला. बाबूजींच्या नलूच्या हातून. मी हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं, आणि प्राचीला वाटलं मी खुरासाठीच रडतेय. ती म्हणाली, आपण रंग आणून लावू. मी म्हटलं, नको, राहू दे. कानही राहू दे.

पन्नी निघाली. मग मैदा. मी डब्यातून आणला, चाळून. स्पिरिट शिंपडलं. आम्ही दोघी वाकून चोळायला लागलो, ती त्या बाजूनं, मी या बाजूनं. स्पिरिटचा वास नाकात जात होता, बोटं गार पडली होती, डिंकाच्या शेवया वळून निघत होत्या. हात चालू होते.

"आई," प्राची म्हणाली. मान खालीच. "एक सांगू?"

मी थांबणार होते. तोंड वर करून तिच्याकडे बघणार होते, हात पुसणार होते, पदर सारखा करून "काय झालं?" विचारणार होते. तसं मी नेहमी करते. पण बोटांखाली डिंक सुटत होता. मी चोळत राहिले.

"सांग," मी म्हणाले.

तिनं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मधे थांबली, मी मैदा भुरभुरला, ती पुन्हा बोलली. मी काही शहाणपणा शिकवला नाही. एका ठिकाणी नुसतं "मंग?" म्हणाले. सांगून झालं तेव्हा तिच्या बाजूची फळी लखलखीत झाली होती.

आणि मग माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलंच.

"मावशीले मालूम होतं का हे?"

तिनं मान हलवली. "नाही. तेव्हा हे काही नव्हतंच. तुलाच पहिल्यांदा सांगतेय."

आम्ही फळी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. कडी बसवली, दिवे लावले. एक दिवा गेला होता, प्राची सायकलवाल्याकडून आणायला गेली. मी एकटीच तिथं उभी होते आणि तुझ्याशी बोलत होते. मोठ्यानं बोलत असेन, कारण दुकानासमोरून जाणाऱ्या एका बाईनं आत डोकावून पाहिलं.

नलू, तिनं काय सांगितलं ते तुले नाई सांगत. तू बाबूजी नेले, नेले तं नेले. एवढी एक गोष्ट माह्यापाशी असू दे. लय मोठी गोष्ट हाय, वं. ऐकली असती तं तू तशीच उठून बसली असती. आन मले लय सांगावं वाटून राह्यलं. ह्यायले नाई सांगता येत, अमितले नाई सांगता येत, शेजारणीले तं नाईच नाई. सांगासारखं कोनी असन तं तूच हाय.

तरी नाई सांगत.